'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' : जागांवरून माणसं वाचणारा पिप

आडवाट

चार्ल्स डिकन्सच्या या कादंबरीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, निदान सिनेमामुळे तरी. अनाथ पिप, दलदलीत भेटलेला पळालेला कैदी मॅग्विच, लग्नाचा पोशाख अंगावर ठेवून वर्षानुवर्षं बसलेली मिस हॅविशॅम, तिने वाढवलेली एस्टेला, अचानक आलेला पैसा, आणि तो पैसा कुणाचा होता हे कळल्यावर पिपचं कोसळणं. गोष्टीवर मला काही लिहायचं नाहीये. पिप (सांगतोय तोच, म्हणून डिकन्स न म्हणता पिपच म्हणू) जेव्हा एखादी जागा दाखवतो तेव्हा तो नक्की कुणाला दाखवत असतो, एवढ्यावरच बोलायचंय. ज्यांनी वाचली नाहीये त्यांनी इथेच थांबा, शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.

गाईडांमध्ये एक ठरलेलं उत्तर असतं, सॅटिस हाउस, म्हणजे मिस हॅविशॅमचं घर, सडलंय म्हणजे तिचं मन सडलंय. ते खोटं नाही, पण तिथेच थांबलं तर कादंबरीतली सगळ्यात मोठी गंमत हातातून जाते असं मला मनापासून वाटतं. घर मिस हॅविशॅमचं असलं तरी नजर पिपची आहे. आणि पिपला लहानपणापासून एक सवय आहे, वस्तू बघून माणूस कसा असेल ते ठरवायची.

पहिल्याच पानावर बघा. आईबापांना त्याने कधी पाहिलेलं नाही, त्यांचे फोटो असायचा तो काळच नव्हे. मग तो बापाच्या थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून ठरवतो की बाप चौकोनी, धिप्पाड, काळासावळा आणि कुरळ्या केसांचा असणार, आणि आईच्या नावाच्या ओळीवरून ठरवतो की ती आजारी, चेहऱ्यावर वांग असलेली असणार. आपण वाचताना हसतो आणि पुढे जातो. पण डिकन्सने इथे पुढच्या सगळ्या कादंबरीची किल्ली ठेवलीय. हा मुलगा दगडावरून माणूस वाचतो आणि ते वाचन शंभर टक्के निराधार असतं, तरी त्याला त्याची जराही शंका येत नाही.

त्याच पानावर ते प्रसिद्ध लांबलचक वाक्य आहे. ही काळी सपाट ओसाड जमीन म्हणजे दलदल, ती पलीकडची शिशाच्या रंगाची बुटकी रेघ म्हणजे नदी, ती लांबची जंगली गुहा जिथून वारा सुटलाय तो समुद्र, आणि या सगळ्याला घाबरून रडायला लागलेलं कुडकुडतं गाठोडं म्हणजे पिप. स्वतःची ओळख त्याने भूगोलाच्या यादीत सगळ्यात शेवटी लिहिलीय! 'मी एकटा होतो' असं कुठेही म्हटलेलं नाही, म्हणायची गरजच राहिलेली नाही.

आता सॅटिस हाउसकडे या. हे घर आपोआप असं झालेलं नाही हे आधी लक्षात घेऊ. घड्याळं नऊला वीस मिनिटं कमी असताना मुद्दाम थांबवलीत. दिवसाचा उजेड मुद्दाम अडवलाय. एक बूट पायात आणि एक टेबलावर, कारण नवरामुलाचं पत्र आलं तेव्हा ती तेवढीच तयार झाली होती. जखम भरू द्यायची नाही म्हटलं तर रोज काहीतरी करावं लागतं, आणि ही बाई ते रोज करते. लग्नाच्या केकवर कोळिष्टकं चढलीत, ठिपकेदार पायांचे कोळी आतबाहेर करतायत आणि त्या टेबलाभोवती ती पिपच्या खांद्याचा आधार घेऊन फेऱ्या मारते. तिच्याबद्दल कळायचं ते एवढ्यात कळतं.

पण पिपबद्दल काय कळतं ते एकोणतिसाव्या प्रकरणात आहे. पैसा आलेला आहे, तो मिस हॅविशॅमनेच दिलाय अशी त्याची पक्की समजूत आहे, आणि तो स्वप्न रंगवतो की हे उजाड घर पुन्हा उभं करायचं काम तिने माझ्यासाठी राखून ठेवलंय, अंधाऱ्या खोल्यांत मी ऊन आणणार, घड्याळं चालू करणार, चुली पेटवणार, कोळिष्टकं ओढून काढणार आणि कथेतल्या शूर सरदारासारखा राजकन्येशी लग्न करणार. म्हणजे तेच घड्याळ, तेच कोळिष्टक, तोच अंधार. आपल्याला जे एका बाईचं दुखणं दिसलं ते याला आपल्या भविष्याचा आराखडा दिसलं. थडग्याच्या अक्षरांवरून बाप वाचणारा पोरगा आता घरावरून दाता वाचतोय, आणि या वेळी किंमत फार मोठी आहे.

माझं म्हणणं एवढंच की या कादंबरीत जागा माणसाचा स्वभाव सांगतातच, पण त्याहून जास्त त्या बघणाऱ्याचा स्वभाव सांगतात. तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्या जागांबद्दल पण लिहा, लंडनबद्दल मी मुद्दामच काही लिहिलेलं नाही.

मृद्गंध

फार आवडलं, वाचनखूण साठवलीये. लंडन मी घेते.

पिपच्या पैशाचा व्यवहार बघणाऱ्या जॅगर्स वकिलाचं लिटल ब्रिटनमधलं ऑफिस म्हणजे माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात भेदक खोली. वरून एकच झरोका, तोही ठिगळं लावलेला, शेजारची घरं जणू मान वाकडी करून आत डोकावतायत. जॅगर्सची खुर्ची काळ्याभोर केसाळ कापडाची, कडेने पितळी खिळ्यांच्या रांगा, अगदी शवपेटीसारखी. फळीवर फाशी गेलेल्या दोन माणसांच्या चेहऱ्यांचे साचे. आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ती समोरची भिंत, जिच्यावर अशिलांच्या खांद्यांचे तेलकट डाग पडलेत, कारण जॅगर्ससमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस घाबरून मागे मागे सरकत भिंतीला टेकतो. जॅगर्स किती दरारा असलेला माणूस आहे हे शेकडो शब्दांत सांगितलं असतं तरी त्या एका तेलकट पट्ट्याएवढं पोचलं नसतं. माणूस खोलीत नाहीये तरी त्याचा दरारा भिंतीवर आहे.

मग त्याचं ते सुगंधी साबणाने हात धुणं. प्रत्येक अशील गेला, कोर्टातून आला, की हात धुवायचे. डिकन्स कुठेही म्हणत नाही की याला कामाची किळस आहे. तो फक्त हात धुताना दाखवतो, परत परत.

आणि जेवायला पिप त्याच्या सोहोमधल्या घरी जातो तेव्हा भिंतीवरच्या लाकडात कोरलेल्या माळा असतात, जॅगर्स त्यांच्या मध्ये उभा राहून स्वागत करतो, आणि पिप म्हणतो की ते फास मला कशाचे वाटले ते मला ठाऊक आहे. बस एवढंच, पुढे स्पष्ट करत नाही. आता आडवाट यांच्या मुद्द्याला धरून विचारते, इथे फाशीचा दोर कुणाच्या मनात आहे? जॅगर्सला त्या माळा म्हणजे भिंतीवरचं नक्षीकाम असेल. पिपच्या मनात मात्र लहानपणीच्या त्या दिवसापासून, जेव्हा त्याने कैद्याला कानस आणि खाणं चोरून नेऊन दिलं, तेव्हापासून फास लटकतोय.

खिडकी

चांगला धागा आहे पण थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

मला डिकन्सचा हाच प्रकार जड जातो. प्रत्येक वस्तूवर पाटी लावलेली. वकील आहे तर खुर्ची शवपेटीसारखी, त्याचा कारकून वेमिक आहे तर तोंड टपालपेटीच्या फटीसारखं, त्याला ऑफिसपासून सुटका हवी तर घराला चक्क खंदक आणि वर उचलायचा पूल आणि रात्री नऊला उडवायची तोफ. वाचकाने शोधायचं काय मग? सगळं शोधून, धुऊन पुसून समोर ठेवलेलं आहे. जागेतून स्वभाव दिसायला हवा हे मान्य, पण तो दिसता दिसता दिसायला हवा, तुतारी फुंकून नको. दलदलीचं वर्णन मला आवडतं कारण तिथे दलदल आधी दलदल आहे. वेमिकचं वॉलवर्थमधलं ते किल्ल्यासारखं घर मला घर वाटतच नाही, कल्पना वाटते.

आडवाट

@खिडकी, राग कसला, हा आक्षेप यायलाच हवा होता.

दोन गोष्टी. एक, ही कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत 'ऑल द इयर राउंड' या डिकन्सच्याच साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी आली. वेमिक मधले काही आठवडे गायब होऊन परत आला तर वाचकाला तो लगेच आठवला पाहिजे. टपालपेटीसारखं तोंड ही त्याची खूण आहे.

पण ती खूण तेवढ्यावर थांबत नाही, दुसरी गोष्ट ही. वेमिक घरी असतो तेव्हा मऊ असतो, बहिऱ्या म्हाताऱ्या बापाला मान डोलावून दाखवतो, बापाला ऐकू जाते म्हणून तर ती तोफ उडवतो. सकाळी पिपबरोबर चालत लिटल ब्रिटनला निघाला की जसजसं ऑफिस जवळ येतं तसतसा तो कोरडा आणि कडक होत जातो आणि तोंड पुन्हा फट होतं. म्हणजे ती फट जन्मजात नाही, जागेने पाडलेली आहे. खंदक म्हणाल तर तो चार फूट रुंद आणि दोन फूट खोल आहे, कुणीही उडी मारून जाईल. त्याने तो शत्रूसाठी खणलेला नाही, ऑफिसमधला वेमिक आत येऊ नये म्हणून खणलाय. घर ही कल्पना वाटते असं तुम्ही म्हणता, पण ती कल्पना वेमिकची आहे आणि त्याने ती स्वतःच्या हाताने बांधलीय, सुतार तो, प्लंबर तो, माळी तो. मला तर हे घर फार खरं वाटतं.

शाईचा डाग

खिडकी यांच्या पाट्यांच्या मुद्द्यावर लिहायचं होतं म्हणून लॉगिन केलं. डिकन्स पाट्या लावतो हे खरं आहे पण तो त्याच पाट्या नंतर दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात घालतो आणि तिथे खरी मजा आहे, एक उदाहरण देते, कुत्र्याचं.

तिसऱ्या प्रकरणात पिप चोरून आणलेलं खाणं मॅग्विचला देतो आणि त्याला खाताना बघतो. आमचा एक मोठा कुत्रा खायचा तसाच हा माणूस खातोय असं त्याला वाटतं, घाईघाईने, तुकडे तोडत, कुणी हिसकावून घेईल म्हणून आजूबाजूला बघत. आणि हे सगळं बघून तो छोटा मुलगा म्हणतो की तुम्हाला आवडलं याचा मला आनंद आहे. म्हणजे उपमा कुत्र्याची पण तिच्यात तुच्छता नावालाही नाही, मुलाला कुत्रा माहितीये, भूक माहितीये, बस.

पुढे आठव्या प्रकरणात पिप सॅटिस हाउसला पहिल्यांदा जातो आणि एस्टेला त्याला अंगणात फरशीवर मग ठेवून, त्याच्याकडे न बघता पाव आणि मांस देते, शिक्षा झालेल्या कुत्र्याला द्यावं तसं. आता कुत्र्याच्या जागी तो स्वतः आहे. तिथे तो भिंतीला डोकं टेकून रडतो, स्वतःचे केस उपटतो.

लगेच नवव्या प्रकरणात घरी सगळे विचारतात काय पाहिलंस आणि तो जे खोटं रचून सांगतो त्यात काय येतं माहितीये? काळी मखमली घोडागाडी, सोन्याच्या ताटात केक, आणि चार प्रचंड कुत्रे, चांदीच्या टोपलीतल्या मांसाच्या तुकड्यांवरून भांडणारे! बघा ना, अपमान सांगता येत नाही म्हणून त्याने त्याच कुत्र्याला चांदीच्या टोपलीत खायला घातलं, मला ही जागा वाचताना दरवेळी पोटात तुटतं, कारण पोराला स्वतःलाही कळलेलं नाही की तो काय सांगतोय.

आणि मग चाळिसावं प्रकरण. मॅग्विच परत आलाय, पिपला साहेब बनवणारा पैसा याचाच होता, आणि तो सकाळी नाश्ता करतोय. पिप लिहितो की त्याचं खाणं ओंगळ होतं आणि तो भयंकर म्हाताऱ्या भुकेल्या कुत्र्यासारखा दिसत होता. माणूस तोच, खाणं तसंच, उपमासुद्धा तीच. बदललंय काय तर पिप. मधल्या सगळ्या वर्षांत पिपचं काय झालं हे एका कुत्र्यात सांगितलंय आणि कुठेही बोट दाखवलेलं नाही, वाचकाने तिसरं प्रकरण आठवलं तर आठवलं. आता याला तुतारी फुंकणं म्हणायचं का?

मृद्गंध

@शाईचा डाग, अप्रतिम. चांदीच्या टोपलीकडे मी या नजरेने कधीच बघितलं नव्हतं.

यालाच जोडून, त्याच भागात पिप मॅग्विचला वेषांतर करून लपवायचा प्रयत्न करतो तेही बघा. चांगले कपडे घातले, केसांना पावडर लावली, पण पिप म्हणतो की जितकं सजवलं तितका तो दलदलीतला कैदीच दिसायला लागला, माणसाच्या अंगाच्या कणाकणात कैदी होता. मॅग्विच तेव्हा काय करतोय? ज्या पोराने भाकरी दिली त्याला डोळे भरून बघतोय. पण पिपच्या नजरेला कैदी सोडून काही दिसत नाही. शेवटी नदीवर पकडले गेल्यावर तो त्याच माणसाचा हात हातात घेऊन बसतो तेव्हा कपड्यांचं वर्णन कुठल्या कुठे गेलेलं असतं, तिथे फक्त जखमी, बेड्या घातलेला, त्याच्यावर उपकार केलेला माणूस दिसतो.

खिडकी

कुत्र्याचं उदाहरण पटलं, पूर्णपणे. वेमिकच्या घराबद्दल माझं मत तेच आहे.

पण मग एक प्रश्न पडतो. पिपच्या बहिणीचा नवरा, जो नावाचा लोहार, त्याच्याबद्दल एवढी प्रतिमांची गर्दी का नाही? कादंबरीतला सगळ्यात चांगला माणूस, पण त्याची भट्टी डिकन्सने जॅगर्सच्या ऑफिसएवढीही बारकाईने दाखवलेली नाही.

सांजवारा

जो माझा लाडका, म्हणून उत्तर देतो.

भट्टी कशी आहे हे डिकन्स सांगत नाही, ती पिपला कशी वाटली ते सांगतो, आणि तेही दोनदा. चौदावं प्रकरण अगदी छोटं आहे, दीड दोन पानांचं, पण ते काढून वाचा. पिप म्हणतो, बहिणीच्या रागामुळे घर काही फार सुखाचं नव्हतं, पण जोमुळे ते पवित्र होतं. बाहेरची खोली मला दिवाणखान्यासारखी वाटायची, पुढचं दार देवळाच्या दारासारखं गूढ, आणि भट्टी म्हणजे मोठं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहायचा झगमगता रस्ता. आणि एका वर्षात हे सगळं बदललं, आता सगळंच गावंढळ आणि हलकं वाटायला लागलं, मिस हॅविशॅम आणि एस्टेलाने हे बघू नये असं वाटायला लागलं. भट्टीत एक खिळा इकडचा तिकडे झालेला नाही! विशेषणं बदलली फक्त. म्हणून खिडकी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की जोची जागा स्थिर आहे आणि पिप हलतोय, ती जागा पिपला मोजायची पट्टी आहे. तिला रंगवून ठेवली असती तर मोजता आलं नसतं.

आणि जो लंडनला येतो तो प्रसंग. बर्नार्ड्स इनमधली पिपची खोली, पिपला लाज वाटतेय, पैसे देऊन तो भेट टाळू शकला असता तर त्याने टाळली असती असं तो स्वतः लिहितो. जो नवे ताठ कपडे घालून आलाय, हॅट कुठे ठेवायची कळत नाही म्हणून ती शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि ती सारखी पडते, सारखी तो ती झेलतो. बोलताना कधी 'सर' म्हणतो कधी 'पिप'. तो धांदरट अजिबात नाही, भट्टीत त्याच्या हातातली हातोडी कधी चुकत नसेल. जागा चुकलीय.

आणि हे त्याला स्वतःला कळतं. निघताना तो सांगतो की या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टी, स्वयंपाकघर आणि दलदल सोडली की मी चुकीचाच. माझ्यात तुला निम्माही दोष दिसणार नाही, जर तू मला भट्टीच्या कपड्यांत, हातात हातोडी धरलेला असा आठवलास. या धाग्यात आपण जे इतक्या शब्दांत बोलतोय ते एका कमी शिकलेल्या लोहाराने दारात उभं राहून सांगितलंय. कादंबरीत स्वतःची जागा ओळखणारा तो एकटाच माणूस आहे असं मला वाटतं. आणि ही ओळख त्याला कमी लेखत नाही, उलट त्या क्षणी खोलीत मोठा माणूस तोच असतो आणि हे पिपलाही जाणवतं, तो मागे धावतोही, पण जो निघून गेलेला असतो.

पिंपळपार

छान चर्चा. एक छोटी भर, दलदल खरी वाटते असं वर खिडकी म्हणाले त्यावरून.

ती खरी आहेच. डिकन्सचे वडील नौदलाच्या पगार खात्यात कारकून होते आणि त्यामुळे लहानपणीची काही वर्षं त्याची केंट परगण्यात चॅटममध्ये गेली. ही कादंबरी लिहिताना तो पुन्हा त्याच भागात, रॉचेस्टरजवळ गॅड्स हिलच्या घरी राहत होता. कूलिंग नावाच्या गावातल्या चर्चच्या आवारात लहान मुलांची छोटी छोटी थडगी ओळीने आहेत, पिपच्या मेलेल्या भावंडांची थडगी तिथूनच आली असं मानतात. फक्त तिथे तेरा आहेत आणि कादंबरीत पाच. माझा अंदाज, तेरा लिहिली असती तर कुणाचा विश्वास बसला नसता. आणि बसला असता तर नजर पिपवरून उडून थडग्यांवर गेली असती. पाच पुरतात. त्याबद्दल पिप जे म्हणतो तेही भारी आहे, की हे पाचही भाऊ पाठीवर पडलेल्या अवस्थेत, विजारीच्या खिशात हात घालून जन्माला आले असणार आणि त्यांनी ते हात कधी बाहेर काढलेच नसणार. पुन्हा दगडाच्या आकारावरून माणसं! आडवाट यांच्या मुद्द्यात हे पण जोडा.

दलदलीतल्या धुक्याचं पण कुणी लिहिलं नाही अजून. पिप चोरी करून पहाटे पळतोय तेव्हा धुक्यातून कुंपणं, चर, बांध त्याच्या अंगावर धावून येतात, तो त्यांच्याकडे जात नाही. गुरं 'काय रे चोरा' म्हणतात. एक काळा बैल, गळ्याशी पांढरा पट्टा असलेला, तो तर त्याला धर्मगुरूच वाटतो आणि पिप त्या बैलाला रडत रडत सांगतो की माझा इलाज नव्हता, मी स्वतःसाठी नाही घेतलं. अपराधी मनाला हे फार जड गेलं, एवढं एकच वाक्य. बाकी सगळं बैल सांगतो.

आडवाट

@पिंपळपार, पाच भावांच्या खिशातल्या हातांबद्दल शंभर टक्के सहमत, जोडलं.

@सांजवारा, 'पट्टी'चा मुद्दा फार आवडला.

आता जॅगर्सबद्दल एक राहिलं होतं ते लिहितो. मॅग्विचनेच पैसा दिला हे कळल्यावर पिप जॅगर्सकडे जातो आणि म्हणतो की मला वाटत होतं मिस हॅविशॅम आहे, सगळं तसंच दिसत होतं. जॅगर्स त्याला सांगतो, कुठलीही गोष्ट दिसण्यावरून धरायची नाही, पुराव्यावरून धरायची, याहून चांगला नियम नाही. या कादंबरीत, जिथे पानोपानी दिसण्यावरून माणूस कळतो असं आपल्याला वाटत आलेलं असतं, तिथे हे वाक्य येतं, आणि तेही सगळ्यात भयानक खोलीत बसणाऱ्या माणसाच्या तोंडून. आणि गंमत बघा, हाच जॅगर्स, ज्याची खुर्ची शवपेटीसारखी, त्याने कधीकाळी एका लहान मुलीला, एस्टेलाला, फासाच्या वाटेवरून उचलून बाजूला ठेवलेलं असतं, कारण अशी मुलं मोठी होऊन कोर्टात उभी राहताना त्याने पाहिलेली असतात. हे त्याच्या खोलीत कुठेही दिसत नाही.

शाईचा डाग

हो! आणि म्हणूनच मिस हॅविशॅमच्या शेवटाबद्दल लिहायलाच हवं. सुरुवातीला ती काठीने लग्नाचं टेबल दाखवून म्हणते की मी मेल्यावर मला इथे ठेवतील, आणि नातेवाइकांनी कुणी कुठे बसायचं हेही ठरवून टाकते. एकोणपन्नासाव्या प्रकरणात तिच्या कपड्यांना आग लागते, पिप टेबलावरचं मोठं कापड ओढून तिला गुंडाळतो, त्याबरोबर तो केक आणि कोळ्यांचा सगळा ढीग खाली येतो. आणि मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिचा बिछाना त्याच टेबलावर आणून ठेवतात, मलमपट्टीला सोयीचं म्हणून. वर पांढरा कापूस, पांढरी चादर, आणि पिपला त्यातही नवरीची छटा दिसते. पण त्या टेबलावर पडून ती बोलते काय, तर मला क्षमा केली असं लिही. इतकी वर्षं तिने त्या टेबलाला सूड म्हणून सांभाळलं आणि त्याच्यावर पडल्यावर तोंडातून माफी आली, हे तिला ओळखणाऱ्या कुणालाही त्या खोलीवरून सांगता आलं नसतं.

मृद्गंध

मग शेवट पण घ्या ना. दोन शेवट आहेत हे बहुतेकांना माहीत असेल. आधी लिहिलेला शेवट डिकन्सने मित्र बुलवर-लिटनच्या सल्ल्याने बदलला, तो जुना शेवट नंतर फॉर्स्टरने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रात छापला गेला.

छापलेल्या शेवटात पिप आणि एस्टेला सॅटिस हाउसच्या जागेवर भेटतात. घर नाहीये, पाडून सामान विकलंय, फक्त बागेची भिंत उरलीय, संध्याकाळचं धुकं, चांदणं. जुन्या शेवटात लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर ती गाडीत आणि हा रस्त्याने जोच्या मुलाला घेऊन चाललेला, दोन मिनिटांची भेट, ती मूल याचंच समजते आणि हा काही बोलत नाही.

मला छापलेला शेवट आवडतो, कारण धुकं परत येतं.

आडवाट

मला जुना आवडतो आणि कारण याच धाग्यातलं आहे. पिकॅडिलीत काहीच जागा नाहीये. घर नाही, मेणबत्ती नाही, घड्याळ नाही. एस्टेला पहिल्यांदा भेटली तेव्हा अंधाऱ्या बोळातून तिचा दिवा ताऱ्यासारखा आला होता, आणि पिप आयुष्यभर त्या ताऱ्याच्याच मागे होता, तिच्या नाही. जुन्या शेवटात तो सांगतो की तिच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, स्पर्शावरून मला कळलं की तिने सोसलंय आणि आता तिला माझं मन समजतंय. चेहरा, आवाज, स्पर्श! एस्टेलाच्या बाबतीत तरी तो जागेची मदत न घेता तिथेच पहिल्यांदा माणूस वाचतोय. छापलेल्या शेवटात तो पुन्हा धुक्याकडे बघून ठरवतो की आता ताटातूट दिसत नाही. धुक्यावरून! ज्याचं थडग्यापासून सॅटिस हाउसपर्यंतचं प्रत्येक वाचन चुकलं त्याच्या या वाक्यावर मी विश्वास कसा ठेवू?

खिडकी

तोच तर छापलेल्या शेवटाचा जोर आहे असं मला वाटतं. विश्वास ठेवायचा की नाही हे तिथे आपल्यावर सोडलंय, आणि मला डिकन्सकडून नेमकं हेच हवं असतं. १९४६ च्या डेव्हिड लीनच्या सिनेमात पिप शेवटी पडदे ओढून फाडतो आणि खोलीत ऊन येतं, एस्टेलाची सुटका होते. दिसायला जबरदस्त आहे तो सीन. पण ते म्हणजे एकोणतिसाव्या प्रकरणातलं पिपचं दिवास्वप्न जसंच्या तसं खरं करून दिलं. पुस्तकात डिकन्सने ते त्याला मिळू दिलं नाही, घरच पाडून टाकलं. पडदे ओढायला खिडकीच नाही आता.

सांजवारा

@खिडकी, सिनेमाचा मुद्दा पटला. पण @आडवाट, तुमच्याशी सहमत नाही. छापलेल्या शेवटात धुक्याआधी एक ओळ आहे ती तुम्ही सोडली. ढिगाऱ्यावर जुन्या वेलीने नव्याने मूळ धरलंय आणि ती हिरवी होतेय. आणि एस्टेला स्वतः बोलते, की मी वाकले, मोडले, पण आशा आहे जरा बरी घडले. ती स्वतःबद्दल सांगतेय, पिपने ते कशावरून ताडलेलं नाही. म्हणजे तिथे पुरावाही आहे, जॅगर्सला चालेल असा. जुन्या शेवटात ती फक्त 'मी खूप बदललेय, माहितीये मला' एवढंच म्हणते, तो बदल कसला ते पिपच सांगतो. मग खात्रीचं वाचन नक्की कुठलं, ते एकदा दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघा आणि इथे लिहा.